पॉझचे बटन

आमच्या मिरजेच्या घरात व्हीसीआर आला तो 1993 च्या उन्हाळ्यात. दुबईहून सुट्टीवर आलेल्या चाचांनी तो आणला आणि सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी सिनेमे आणि एक ‘अलादीन’. या तिसरीवर ना चित्र होते ना छापील नाव. बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी तेवढी चिकटवलेली. परदेशातल्या थिएटरात बसून कुणीतरी कॅमेऱ्याने उतरवलेली ती नक्कल होती. मधूनच पडद्यासमोरून एखादे डोके जायचे, माणसे खोकायची. आम्हाला त्याचे काही नव्हते. अलाउद्दीन आमचा होता, दादीच्या गोष्टींतला. बोलतो इंग्रजी, पण त्याच्या गावात घुमट आहेत, मिनार आहेत, उंट आहेत, एवढ्यावर आम्ही खूश.

त्या वर्षी घरात मुले पुष्कळ होती. मुंबईच्या दंगलीनंतर, जानेवारीत, फुफी तिच्या मुलांना घेऊन आमच्याकडे आली होती आणि अजून परतली नव्हती. दुपारी जोहरची नमाज झाली, मोठी माणसे आडवी झाली, की आवाज बारीक करून आम्ही कॅसेट लावायचो. संपली की रिवाइंड, पुन्हा पहिल्यापासून. थिएटरातला सिनेमा माणूस बघून घरी येतो. कॅसेटचा सिनेमा घरातच राहतो. पंधरा दिवसांत सुरुवातीचे गाणे सगळ्यांना पाठ झाले. अर्थ कुणाला कळत होता! सूर लागला, बस झाले.

घरात इंग्रजी जाणणारे एकटे अब्बा. हायस्कुलात मास्तर. एका संध्याकाळी अंगणात आमचे गाणे चालले होते, तेव्हा त्यांनी थांबवले आणि पुन्हा म्हणायला लावले. शाबासकी मिळणार असे वाटून आम्ही आणखी जोरात म्हटले. अब्बा काही बोलले नाहीत. दादीनेच विचारले, “क्या है रे उस गाने में?” मग त्यांनी सांगितले. उंटावरचा फेरीवाला आपल्या मुलखाची ओळख करून देतो आहे. तोंड पसंत पडले नाही तर तिथे माणसाचे कान कापतात म्हणे. मुलूख रानटी आहे, पण काय करणार, घर आहे.

दादी सुपारी कातरत होती. “कान कौन काटते रे?” एवढेच ती म्हणाली. फुफी उठून आत गेली. तिच्याकडे बघून अब्बांनी पुढचा अर्थ सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. ती कॅसेट मात्र कुणी फेकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा लागली. त्या ओळीपाशी आम्ही आवाज बंद करायचो इतकेच.

हे चालले होते तेव्हा तिकडे अमेरिकेतही तीच ओळ गाजत होती. नोव्हेंबर 1992 मध्ये सिनेमा लागला, तेव्हा तिथल्या अरबांच्या भेदभावविरोधी समितीने हरकत घेतली होती. डिस्नेने थिएटरातल्या प्रती तशाच ठेवल्या. पण 1993 मध्ये घरोघरच्या व्हीसीआरसाठी कॅसेट काढताना ती ओळ बदलली. कानांच्या जागी सपाट वाळवंट आणि कडक ऊन आले. ‘रानटी’ हा शब्द मात्र राहिला. कंपनीचे म्हणणे असे, की तो जमिनीला आणि उन्हाला आहे, माणसांना नाही.

आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. पुढच्या खेपेला चाचांनी खरी कॅसेट आणली, चित्राच्या चकचकीत डबीतली. ती ओळ आली आणि शब्द भलतेच! टेप खराब आहे म्हणून आम्ही तीनदा मागे नेली. शेवटी अब्बांना बोलावले. त्यांनी कान देऊन ऐकले आणि त्यांचा चेहरा उजळला. “कुणीतरी बोलले वाटते,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “अर्धेच ऐकलेय पण.” उन्हाची सबब आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळली. उन्हाने मुलूख रानटी ठरत असेल तर मे महिन्यातल्या मिरजेचे काय करायचे?

पुढचे दोन भाग तर थिएटरात लागण्यासाठी नव्हतेच. ‘जाफरचे पुनरागमन’ 1994 मध्ये थेट कॅसेटवर निघाला. डिस्नेने असा काढलेला हा पहिलाच पुढचा भाग. चित्रे हलकी, जिन्नचा आवाज दुसऱ्याच माणसाचा, हे आमच्यासारख्या पोरांनाही कळले. 1996 मध्ये तिसरा आला. त्यात जुना आवाज परतला होता आणि अलीबाबाचे चाळीस चोर बिनदिक्कत अलादीनच्या गोष्टीत घुसवले होते. पण त्याबद्दल तक्रार कशी करणार? अलादीनची गोष्ट तरी जुन्या अरबी हस्तलिखितांत कुठे आहे! हलबच्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती माणसाने ती 1709 मध्ये पॅरिसात आंत्वान गालां याला सांगितली, आणि गालांने ती छापली तेव्हा अलादीन राहत होता चीनमध्ये.

आमचा खरा खेळ निराळाच होता. मदरशात नाझरा चालू होता, अक्षरे नवी नवी जुळत होती. बाजाराचा देखावा आला की पॉझचे बटन दाबायचे आणि दुकानांवरच्या पाट्या वाचायच्या. पडद्यावर रेघा थरथरायच्या. एखादा अलिफ म्हणायचा, एखादा लाम. काही केल्या शब्द होईना. आपलेच वाचन कच्चे आहे असे समजून आम्ही एकदा पाटीची नक्कल वहीत उतरवून हाफिजसाहेबांकडे नेली. त्यांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली. “बेटा, ये कुछ भी नहीं है,” ते म्हणाले. नुसत्याच वळणदार रेघा. आम्हाला कापलेल्या कानांपेक्षा याचे जास्त वाईट वाटले. एवढा मोठा महाल काढला, वाघाचे पट्टे काढले, आणि पाटीवर एक शब्द नीट लिहायला कुणाला विचारले नाही.

व्हीसीआर गेला, कॅसेटींना बुरशी आली. दादी गेली, मग अब्बा. 2019 मध्ये खऱ्या नटांचा ‘अलादीन’ आला, त्यात तो ‘रानटी’ही बदलला, आता मुलूख नुसता गोंधळाचा आहे. ते ऐकायला अब्बा हवे होते.

2020 च्या रमजानात टाळेबंदी होती. घरीच तरावीह झाल्यावर भाच्याने मोबाइलवर जुनाच ‘अलादीन’ लावला. बाजार आला, आणि त्याने बोटाने चित्र थांबवले, दोन बोटांनी मोठे केले. आता रेघा थरथरत नव्हत्या.

“मामू, इथे काय लिहिलंय?”

आम्ही चष्मा शोधायला लागलो.