आधी एक दुरुस्ती: त्या दिवशी पाऊस 32 नव्हे, 12 मिमी होता



2023 च्या अर्ली छाटणीनंतर मी याच पानावर एक नोंद टाकली होती. 32.4 मिमी पाऊस होऊनही स्पर्शजन्य बुरशीनाशकाची फवारणी टिकली, डाऊनी आली नाही, परत फवारायची गरज पडली नाही, असं लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी ती नोंद पुढे पाठवली. काहींनी फोन करून विचारलं, "इतक्या पावसात टिकतं का हो?" मी छातीठोक सांगितलं, माझ्याकडे आकडा आहे.

तो आकडा चुकीचा होता. त्या दिवशी माझ्या शेतात 12.4 मिमी पाऊस झाला होता. 12 आणि 32 मध्ये फवारणी टिकण्याच्या दृष्टीने किती फरक आहे ते तुम्हाला सांगायला नको. माझी नोंद वाचून कोणी मोठ्या पावसानंतर फवारणी टाळली असेल आणि नुकसान झालं असेल, तर त्यांची मनापासून माफी मागतो. ती नोंद मी काढून टाकली आहे.

चूक कशी झाली ते सांगतो. यंत्राची गोष्ट आहे, पण आपल्या कामाची आहे.

घरातला कॉम्प्युटर 2019 साली माझ्या पुतण्याने जुळवून दिला. तो पुण्यात नोकरीला आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क असं एकेक सामान आणून दिवाळीच्या सुट्टीत त्याने ओसरीवर बसून जोडलं. तीन वर्षं काही तक्रार नव्हती. फवारणीचे रेकॉर्ड, मजुरी, खतांची बिलं, प्लॉटचे फोटो, पाऊस-तापमान, सगळं त्यात. द्राक्ष निर्यातीला द्यायचं तर फवारणीची तारीख, औषध, प्रमाण, काढणीपूर्व कालावधी हे चोख लागतं, हे बागायतदारांना माहीत आहे.

2023 च्या सुरुवातीपासून त्रास सुरू झाला. काम करता करता निळा पडदा यायचा आणि मशीन बंद. कधी मेमरीचा मेसेज, कधी फाईल सिस्टिमचा, कधी कुठल्या ड्रायव्हरचा. दर वेळी नवीन. मग फोटो बिघडू लागले. वरचा अर्धा घड दिसायचा, खाली नुसता राखाडी पट्टा. उन्हाळ्यात एका प्लॉटच्या अख्ख्या हंगामाची एक्सेल फाईल उघडेना. फाईल खराब आहे, एवढंच सांगायचं. पेन ड्राईव्हवर कॉपी होती म्हणून निर्धास्त होतो. ती लावली, तीही खराब.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. पुतण्याला फोन लावला आणि नको ते बोललो. "स्वस्तातलं सामान घालून दिलंस, माझ्या वर्षभराच्या कष्टाची माती केलीस." तो म्हणाला, "काका, मधे काही बदललं होतं का?" मी म्हणालो, "काहीही नाही. जसं दिलंस तसंच आहे." त्यानंतर त्याचा फोन येणं बंद झालं. भाऊही माझ्याशी कामापुरतं बोलू लागला.

मग मी माझ्या परीने इलाज केले. ओळीने सांगतो, कारण यात शिकण्यासारखं आहे.

पहिला संशय लाईटवर. आमच्या डीपीवर संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. मीटर लावून बघितलं तर 170. म्हटलं सापडलं. 3,200 रुपयांचा यूपीएस आणला. आठ दिवस बरं चाललं, परत निळा पडदा. मग सप्लाय बॉक्स बदलला, 2,600 रुपये. मग तालुक्याला नेऊन व्हायरस म्हणून फॉरमॅट मारून आणलं, दोन वेळा, 500 प्रमाणे हजार. फॉरमॅट करताना तिथेही एकदा विंडोज अर्ध्यात अडकलं होतं, फाईल वाचता येत नाही म्हणून. दुकानदार म्हणाला, पेन ड्राईव्ह खराब असेल. मग एसएसडीवर संशय. तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये तब्येत चांगली दाखवत होतं, तरी नवीन आणली, 2,100 रुपये. डिस्कची वायर बदलली. पंख्यातली धूळ ब्लोअरने काढली. एकूण 8,900 रुपये गेले आणि दुखणं जागच्या जागी.

आता विचार केला की लाज वाटते. बागेत कोणी असं वागलं तर मीच त्याला शिव्या घातल्या असत्या. पान पिवळं दिसलं की फेरस, झिंक, मॅग्नेशियम, टॉनिक सगळं एका टाकीत घालून मारणारे आपल्यात आहेत. बरं झालं तर कशाने झालं कळत नाही, नाही झालं तर अजून एक पुडी. देठ परीक्षण करा, एका ओळीला एकच बदल करा, शेजारची ओळ तशीच सोडा, हे मी लोकांना सांगतो. घरातल्या यंत्राला मात्र पुड्याच मारत बसलो.

दुसरी गोष्ट. रोज वेगळ्या झाडावर वेगळं लक्षण दिसायला लागलं तर आपण झाडाच्या मागे लागत नाही. सगळ्यांना सामाईक काय आहे ते बघतो, पाणी किंवा मुळं. इथेही दर वेळी वेगळा मेसेज येत होता. फोटो, हिशोब, विंडोज सगळंच बिघडत होतं. सगळ्यांना सामाईक काय, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

2024 ची दिवाळी. भाऊबीजेला पुतण्या घरी आला. माझ्याशी जेमतेम बोलला. मी हवामान यंत्राची तक्रार करत बसलो होतो. शेतातलं ते यंत्र कार्डावर रोजची ओळ लिहितं, साधी अक्षरांची फाईल. दर महिन्याला कार्ड आणून मी ती फाईल कॉम्प्युटरवर घेतो. एका महिन्याच्या तापमानाची सरासरी निघत नव्हती. बघितलं तर 29.6 च्या जागी 2;.6 लिहिलेलं. नऊच्या जागी अर्धविराम. मी म्हटलं, यंत्रही गेलं वाटतं.

पुतण्या तिथेच थांबला. म्हणाला, "काका, कार्डावर काय आहे?" कार्ड लावलं. कार्डावर 29.6 बरोबर होतं.

म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. खोटं झालं ते कॉम्प्युटरमध्ये आल्यावर.

त्याने कार्डावरच्या 22 महिन्यांच्या फायली आणि कॉम्प्युटरवरच्या 22 फायली एकमेकांशी ताडून बघितल्या. विंडोजमध्येच काळ्या पडद्यावर एफसी नावाची कमांड आहे, पुढे स्लॅश बी लावलं की अक्षर न् अक्षर ताडते. तीन फायलींत पाच जागी फरक निघाला. 31 च्या जागी 33, 39 च्या जागी 3बी, 34 च्या जागी 36, असे आकडे आले. त्याने वहीवर मांडून दाखवलं. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आठ बटणांत साठवतो, चालू किंवा बंद. 1 या अंकाचा सांकेतिक आकडा 31, 3 चा 33. दोघांत फक्त एका बटणाचा फरक. 9 आणि अर्धविराम यांच्यातही त्याच बटणाचा फरक. पाचही चुकांत तेच एक बटण, बंद असायला हवं तिथे चालू.

मला पटकन कळलं ते ठिबकच्या व्हॉल्व्हमुळे. एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे. ज्या दिवशी त्या लाईनला पाणी द्यायचंच असतं, त्या दिवशी काही कळत नाही. बंद ठेवायचं असतं तेव्हा चूक दिसते. म्हणून 2, 3, 6, 7 या अंकांना काही होत नव्हतं, त्यांचं ते बटण मुळात चालूच असतं. शून्याचा दोन, एकाचा तीन, चाराचा सहा होत होता. पाच चुकांपैकी एक होती त्या पावसाची. 12.4 चे 32.4.

अर्धविराम डोळ्याला खटकला म्हणून सापडला. 32 खटकलाच नाही. तो खरा वाटेल असाच आकडा होता, आणि तोच मी गावभर सांगितला. एक्सेलची फाईल किंवा फोटो आवळून बांधलेला असतो, त्यात एक बटण चुकलं की पूर्ण फाईल बोंबलते, निदान कळतं तरी. साध्या यादीत चूक गप्प बसते. फाईल उघडली नाही याचं मला दीड वर्ष दुःख होतं. खरं नुकसान उघडत होत्या त्या फायलींत होतं.

पुतण्या म्हणाला, ही रॅमची चूक वाटते. रॅम म्हणजे आपलं खळं. शेतातून माल आधी खळ्यावर येतो, मग कोठीत जातो. कोठीतून काढला तरी खळ्यावरूनच बाहेर जातो. मी कोठी बदलली, दारं बदलली, लाईट बदलली. खळ्यातच भेग होती. पेन ड्राईव्हची कॉपी का खराब निघाली तेही कळलं. ती कॉपीसुद्धा त्याच खळ्यावरून गेली होती. फर्टिगेशनच्या टाकीतच घोळ असला तर सगळ्या लॅटरलला तेच जाणार.

रात्री त्याने पेन ड्राईव्हवर मेमटेस्ट86 टाकलं. विंडोज चालू न करता ते थेट रॅमवर लिहितं आणि वाचून बघतं. वीस मिनिटांत पडद्यावर लाल ओळी. चूक त्याच एका बटणाची. मग त्याने कॅबिनेट उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. आत दोन पट्ट्या होत्या.

"काका, मी एकच बसवली होती."

तेव्हा आठवलं. डिसेंबर 2022 मध्ये ड्रोनचे व्हिडिओ अडकत होते म्हणून मीच तालुक्याहून 900 रुपयांत जुनी 8 जीबीची पट्टी आणली होती आणि मोबाईलवर बघून स्वतः बसवली होती. आणली तेव्हा मशीन पळायला लागलं म्हणून खुश होतो. त्रास महिनाभराने आणि हळूहळू सुरू झाला, म्हणून दोन्हीची सांगड घातलीच नाही. रोज फाईल खराब व्हायची नाही, कारण भेगेवर माल पडला तरच बिघडणार. व्हिडिओ आणि बरंच काही एकदम उघडलं की खळं भरायचं आणि भेगेपर्यंत माल जायचा.

मी म्हटलं, हीच खराब आहे, काढून टाक. तो म्हणाला, थांबा. आधी खोडरबराने तिचे पिवळे दात पुसले, परत तपासली, तरी चूक. मग एकेक पट्टी एकेका खाचेत लावून तपासली. त्याची जुनी पट्टी दोन्ही खाचांत चार-चार फेऱ्या स्वच्छ. माझी पट्टी दोन्ही खाचांत पहिल्याच फेरीत नापास. म्हणजे खाच चांगली, पट्टी खराब. याला दोन रात्री लागल्या, पण शंका राहिली नाही. एका वेळी एकच बदल.

पट्टी काढली त्याला आता सहा महिने झाले. निळा पडदा एकदाही आला नाही. मोठी फाईल कॉपी करून ताडली की तंतोतंत जुळते.

गेलेलं सगळं परत आलं नाही. पाऊस-तापमान कार्डावरून नवीन घेतलं. फवारणीचं रेकॉर्ड खिशातली डायरी आणि औषधांची बिलं समोर ठेवून परत भरलं, आठ दिवस लागले. डायरी लिहायची सवय वडिलांची, मी ती सोडणारच होतो. फोटो मात्र गेले ते गेले.

तुमच्यासाठी थोडक्यात:

1. त्रास सुरू व्हायच्या आधी काय बदललं ते लिहून काढा. "काही नाही" म्हणण्याआधी दोनदा आठवा.
2. दर वेळी वेगळा मेसेज येत असेल आणि वेगवेगळ्या फायली बिघडत असतील तर खर्च करण्याआधी रॅम तपासा. तपासणी फुकट आहे, फक्त रात्रभर चालू ठेवावी लागते.
3. विंडोजची स्वतःचीही मेमरी तपासणी आहे. माझ्याकडे तिने एका फेरीत काहीच दाखवलं नव्हतं. एका तपासणीवर निर्धास्त होऊ नका.
4. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. त्यातली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. जुनी कॉपी पुसून त्यावरच नवीन टाकू नका, मागच्या दोन-तीन ठेवा.
5. मूळ नोंद जिथे झाली ते कार्ड किंवा कागद फेकू नका.
6. जुनी रॅम घेतलीत तर कामाला लावण्याआधी तपासा. नवीन रोप आणलं तर आपण मुळं बघतोच ना.

पुतण्या निघाला त्या दिवशी मी त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेलो. गाडी यायला वेळ होता. म्हटलं, "तुझं सामान चांगलं होतं रे. चूक माझी होती. मी बोलायला नको होतं." तो म्हणाला, "काका, तुम्ही विचारलं असतं तर पट्टी मीच पाठवली असती." एवढंच. गेल्या रविवारी त्याचा फोन आला होता, पाऊस किती झाला विचारायला. मी आधी कार्डावर बघितलं, मग सांगितलं.

ज्यांनी माझी ती जुनी नोंद पुढे पाठवली होती, त्यांनी ही पण पाठवा, ही विनंती.