ऊसपट्ट्यातून बाहुबलीकडे : एका प्रवासाचा हिशेब

राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेले जयसिंगपूर हे आखीव गाव आहे. सरळ रस्ते, काटकोनात छेदणारे चौक आणि त्यांवर उभी राहिलेली बाजारपेठ अशी त्याची ठेवण आहे. येथील अनेक जैन व्यापारी कुटुंबांचा एक जुना परिपाठ आहे. दुकान बंद असण्याच्या दिवशी पहाटे निघावे, कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घ्यावे आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घरी परतावे. रस्ता लांबचा नाही. परंतु गळीत हंगामात या लहानशा रस्त्यावर आजच्या काळातील इंधनाचा सगळा प्रश्न उभा असलेला दिसतो.

असेच एक कुटुंब पौषातल्या एका सकाळी निघाले होते. धान्याची पेढी सांभाळणारे अण्णा, त्यांचा मुलगा आणि मागच्या आसनावर आजी. गाडी दहा वर्षांहून अधिक जुनी, पेट्रोलवर चालणारी. मुलाच्या खिशात नव्या हायब्रिड गाडीच्या नोंदणीचे कागद होते. केवळ वडिलांची सही बाकी होती.

"अण्णा, हायब्रिड घेतली की पेट्रोलचा खर्च निम्म्यावर येईल," मुलगा म्हणाला.

"निम्म्यावर म्हणजे किती रुपये, ते परतताना कागदावर मांडून दाखव. मग सही करतो," अण्णांनी उत्तर दिले.

तमदलगेच्या खिंडीकडे चढ सुरू झाला, तशी उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आडवी आली. गाडी दहा पावले पुढे जाई, थांबे, पुन्हा सरके. हायब्रिडचा खरा उपयोग अशाच ठिकाणी असतो. ब्रेक दाबताना साध्या गाडीची गती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हायब्रिडमध्ये विजेची मोटर त्या वेळी जनित्राचे काम करते आणि गतीचा काही भाग बॅटरीत साठवते. पुढे तीच वीज गाडी हलविण्यास उपयोगी पडते व इंजिन तेवढा वेळ बंद राहते. जपानमध्ये १९९७ साली टोयोटाची प्रियस याच तत्त्वावर बाजारात आली. 'माइल्ड' हायब्रिडमध्ये बॅटरी लहान असते व मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. 'स्ट्राँग' हायब्रिड काही अंतर निव्वळ विजेवर जाऊ शकते. 'प्लग-इन' हायब्रिडला बाहेरून वीज भरता येते. पहिल्या दोन्ही प्रकारांत मात्र सर्व ऊर्जेचा उगम पेट्रोलच असतो, हे ग्राहकाने विसरू नये. मोकळ्या महामार्गावर, जेथे ब्रेकला काम नाही, तेथे हायब्रिडचा लाभही कमी होतो.

खिंड ओलांडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस. वाऱ्याबरोबर मळीचा गोडसर, आंबूस वास आला. आजींनी पदर नाकाला लावला आणि विचारले, "पेट्रोलमध्ये दारू घालतात म्हणे, ते खरे का रे?"

"पिण्याची नव्हे, आई, पण कुळी तीच," अण्णा म्हणाले.

प्रश्न भाबडा वाटला तरी नेमका होता. मळी किंवा उसाचा रस आंबवून त्यापासून इथेनॉल काढले जाते. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. वीस टक्के मिश्रणाचे, म्हणजे ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीस आले आणि आता तेच सर्वत्र मिळते. साखर कारखान्यांना त्यामुळे उत्पन्नाचे दुसरे साधन मिळाले व आयात तेलाचा भार काही अंशी हलका झाला. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात म्हटले आहे की, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या व दहा टक्के मिश्रणास जुळवून घेतलेल्या चारचाकीचे मायलेज ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटते. लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी १३ देऊ लागते, असा त्याचा व्यवहारी अर्थ. इथेनॉल पाणी शोषते व जुन्या गाडीतील काही रबरी भागांना मानवत नाही; म्हणून अशा गाडीच्या नळ्या व सील वेळोवेळी तपासून घेणे आणि गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी न ठेवणे इष्ट.

शेताचाही एक हिशेब आहे. त्याच आराखड्यानुसार उसापासून मिळणाऱ्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या या खोऱ्यात पाणी मुबलक वाटते. पण अतिपाण्याने शिरोळ तालुक्यात किती जमीन क्षारपड झाली, हे तेथील शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पाऊसमान कमी झाले, तर इंधनही अडते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीडन, म्हणजे ऊस व तेलबिया यंत्रात पिळणे, आणि शकटकर्म, म्हणजे गाड्यांचा व्यवसाय, ही दोन्ही गणली आहेत. सर्वस्वी निर्दोष असे इंधन नाही, हे या भूमीतून जाताना वेगळे सांगावे लागत नाही.

हातकणंगल्याजवळ मिरज-कोल्हापूर लोहमार्ग लागतो. या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत. रस्त्यावरच्या वाहनांनाही आता विजेचा व गॅसचा पर्याय आहे. सीएनजी किलोवर विकला जातो, लिटरवर नव्हे. म्हणून किलोच्या भावाची पेट्रोलच्या भावाशी थेट तुलना फसवी ठरते. तुलना किलोमीटरमागच्या रुपयांतच करावी. सीएनजीची टाकी सामानाची बरीच जागा व्यापते आणि दर तीन वर्षांनी तिची दाबचाचणी करून घ्यावी लागते. विजेवरील मोटार एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते असे धरले व घरची वीज दहा रुपये युनिट मानली, तरी किलोमीटरचा खर्च दीड रुपयाच्या आत राहतो. ही वीज कोयनेच्या पाण्याचीही असू शकते. पण देशातील बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. करातही अंतर मोठे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून विजेवरील मोटारीवर ५ टक्के, तर चार मीटरहून लांब हायब्रिडवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे.

नेज मागे पडले आणि टेकडीच्या पायथ्याशी शुभ्र मूर्ती दिसू लागली. अठ्ठावीस फुटांची ही संगमरवरी बाहुबलीमूर्ती कायोत्सर्गात उभी आहे. येथील क्षेत्रावर दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरांची मंदिरे आहेत; त्यामुळे मराठी, कन्नड, गुजराती व मारवाडी बोलणारे यात्रेकरू एकाच वाटेने चढताना दिसतात. त्या सकाळी फाट्यावरून एक मुनिसंघ विहार करीत येत होता. हातात पिच्छी व कमंडलू, दृष्टी चार हात पुढच्या जमिनीवर. अण्णांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करविले. तेवढ्यात मागून आलेली एक विजेवरची मोटार इतक्या नि:शब्दपणे बाजूने गेली की, संघासोबत चालणारा एक श्रावक दचकून बाजूला झाला.

विजेवर चालताना हायब्रिडही मंद गतीत असाच आवाज करीत नाही. हा तिचा गुण खरा. परंतु क्षेत्राच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला ती ऐकू येत नाही. ईर्यासमिती मुनींची असली, तरी चाक हाती धरणाऱ्या श्रावकालाही तिच्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. अशा गाडीत बसणाऱ्याने वेग अधिकच आवरावा.

दर्शन व अभिषेक झाल्यावर धर्मशाळेच्या ओट्यावर कागद निघाला. हिशेब सरळ होता. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. साधी पेट्रोल गाडी १४ किलोमीटर देते. हायब्रिड रोजच्या वापरात २० देईल असे मानले. काही स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचा चाचणीतील प्रमाणित आकडा २८ च्या आसपास आहे; पण दुकानदाराने हिशेब सावध आकड्यावरच करावा. शंभर किलोमीटरमागे सव्वादोन लिटरच्या आत, म्हणजे सुमारे २२५ रुपये वाचतात. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडला सव्वादोन लाख रुपये अधिक पडतात असे धरले, तर ती रक्कम फिटण्यास एक लाख किलोमीटर धावावे लागते. ही रक्कम ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जावर घेतली, तर व्याजाचे सुमारे ५५ हजार आणखी चढतात आणि मर्यादा सव्वा लाख किलोमीटरच्या घरात जाते.

"आपली गाडी वर्षाला किती चालते?" अण्णांनी विचारले.

मुलाने सर्व्हिसची वही उघडली. गेल्या तीन वर्षांची सरासरी सहा हजार किलोमीटर निघाली. वर्षाची बचत साडेतेरा हजार. मुद्दल फिटायलाच सोळा वर्षांहून अधिक. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते. मुलगा काही वेळ गप्प बसला. मग त्याने वहीचे पान उलटून दुसऱ्याच वाहनाचा आकडा मांडला.

पेढीची डिझेलवरची तीनचाकी रोज गावात व आसपासच्या खेड्यांत साठ किलोमीटर माल पोहोचविते; वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे अठरा हजार किलोमीटर. डिझेलचा खर्च किलोमीटरला साडेतीन रुपये, तर विजेच्या तीनचाकीचा सव्वा रुपया धरला, तरी वर्षाला चाळीस हजारांची बचत होते. मार्ग ठरलेला, रात्रीचा मुक्काम गोदामात, वीज भरण्याची सोय तेथेच. खरेदीपूर्वी विचारण्याचे प्रश्नही ठरले : पूर्ण भाराने किती किलोमीटर जाते, बॅटरीची हमी किती वर्षांची, बदलीची किंमत किती, दुरुस्ती जवळ कोठे होते आणि गोदामाच्या वीजजोडणीचा मंजूर भार पुरेसा आहे का.

घरच्यांच्या सोयीसाठी जे वाहन बदलायचे ठरले होते, ते सर्वांत कमी फिरत होते. दिवसभर धूर सोडणाऱ्या वाहनाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. आजी हे सर्व ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "दिग्व्रत घेताना आधी दिशा मोजतात, मग मर्यादा आखतात. तुम्ही आज मोजली, हे बरे झाले."

दिग्व्रतात श्रावक दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची सीमा ठरवितो. अनर्थदंडव्रतात निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहतो. ज्याचे वर्षाचे फिरणे वीस हजार किलोमीटर आहे आणि तेही गर्दीच्या शहरात, त्याला हायब्रिड पाच वर्षांत लाभाची ठरू शकते. ज्याचे फिरणे सहा हजारांचे आहे, त्याने आहे ती गाडी नीट राखावी, टायरमधील हवा योग्य ठेवावी आणि तीन फेऱ्यांचे काम एका फेरीत उरकावे. इंधन कोणतेही असो, न केलेल्या फेरीइतके स्वस्त व निरुपद्रवी दुसरे काही नाही.

दुपार कलू लागली तशी गाडी परत निघाली. मुनिसंघ सावलीला विसावला होता. नोंदणीचे कागद मुलाच्या खिशात सहीवाचूनच राहिले होते आणि त्यांच्या मागील कोऱ्या बाजूवर तीनचाकीचा हिशेब उतरला होता. दिवेलागणीपूर्वी, जेवणाच्या वेळेत, गाडी जयसिंगपूरच्या सरळ रस्त्याला लागली.