आधी तोंडाने म्हण

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये 'फ्यूजन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, मेसमधली मंचुरियनची भाजी आणि पोळी. दुसरा, फेब्रुवारी २०२४ च्या गॅदरिंगमधला आमचा आयटम. पहिलं निदान पोटात तरी गेलं!

तर मंडळी, त्या आयटममध्ये दोन गिटार, एक कीबोर्ड आणि तबल्यावर अस्मादिक. सात मिनिटं मी एकच केरवा एकाच स्पीडने बडवत होते, कारण तेवढंच आठवत होतं. मागच्या रांगांमधून 'बस करा' सुरू झालं आणि आम्ही खरंच बस केलं.

रात्री वाईला आजोबांना फोन केला.
"काय वाजवलंस?"
"फ्यूजन, आजोबा. सगळ्याचं मिक्स."
"बरं. त्यात तुझं काय होतं बाळ?"
नेटवर्क गेल्याचं नाटक करून मी फोन ठेवला.

मी कॉन्व्हेंटची. देवनागरी नीट लिहायला शिकले ती शाळेत नाही, तबल्याच्या वहीत. आजोबा गावच्या भजनी मंडळात तबल्यावर असायचे. सुट्टीत मला घेऊन बसायचे. नियम एकच : बोल आधी तोंडाने म्हण, मग हात लाव. धा, तिरकिट, धा... मला भयंकर कंटाळा यायचा. नववीत क्लासेस लागले आणि तबला-डग्गा माळ्यावर गेला. सुटले, असंच वाटलं तेव्हा.

गॅदरिंगनंतर दोन महिन्यांनी आजोबांच्या डाव्या हातावरून वारं गेलं. डाव्या, म्हणजे डग्ग्याच्या. परीक्षा होती म्हणून घरच्यांनी मला उशिरा सांगितलं.

मग उजाडला १६ डिसेंबर २०२४. मेसमध्ये नाश्त्याला बातमी कळली, झाकीर हुसेन गेले. पीएल चालू होती. सिग्नल्सचं पुस्तक उघडं ठेवून मी इअरफोन लावले आणि 'शक्ती' या ग्रुपचा 'धिस मोमेंट' हा अल्बम लावला. २०२३ चा. आम्ही स्टेजवर आपटलो त्याच महिन्यात याला ग्रॅमी मिळालं होतं!

थोडं सांगायलाच हवं. शक्ती ही सत्तरच्या दशकातली मंडळी. माइल्स डेव्हिसबरोबर जॅझ वाजवलेला इंग्लंडचा गिटारवाला जॉन मॅकलॉफ्लिन, तबल्यावर झाकीरभाई, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम. १९७७ नंतर त्यांचा स्टुडिओतला अल्बम आला तो थेट ४६ वर्षांनी, हाच. आता घटम आणि खंजिरीवर विनायकरामांचा मुलगा सेल्वागणेश, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि गायला शंकर महादेवन. हे गृहस्थ नेरूळच्या रामराव आदिक कॉलेजचे कॉम्प्युटर इंजिनियर आणि आपल्या श्रीनिवास खळ्यांचे शिष्य! म्हणजे आपल्यालाही आशा आहे.

कोरोनात एकत्र जमता येईना, म्हणून प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवलं. ऐकताना मात्र सगळे एकाच सतरंजीवर बसल्यासारखे वाटतात. 'मोहनम्' म्हणजे सुरांनी आपला भूपच. 'लास पाल्मास'मध्ये स्पेनच्या फ्लमेंकोचा रंग. 'गिरिराज सुधा' ही त्यागराजांची गणपतीवरची रचना. रूमपार्टनर परभणीची, ती म्हणाली, "अगं, हे तर आपल्या बाप्पाचं! मग गिटार कसं खपतं?"

मलाही तोच प्रश्न. रागात सूर एकामागून एक येतात, कॉर्डमध्ये तीन-चार एकदम. त्यातला एक जरी चुकीचा लागला तरी राग बिघडतो. मॅकलॉफ्लिनला हे कळतं, कारण त्याने अमेरिकेत डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकून घेतली. एवढंच नाही, कोन्नकोलही शिकला. कोन्नकोल म्हणजे दक्षिणेकडचे मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायची कला. २००७ मध्ये त्याने आणि सेल्वागणेशने ती शिकवणारी डीव्हीडी काढली. जगभर गाजलेला माणूस, तोही आधी तोंडानेच म्हणतो! वाचून मी पुस्तक मिटलं. आजोबांचा नियम मी बालवाडीतला समजत होते.

सेम संपल्यावर वाईला गेले. आजोबा खिडकीशी खुर्चीत होते. डावा हात मांडीवर, ठेवून दिल्यासारखा. मी एक इअरफोन त्यांच्या कानात घातला, एक माझ्या. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग कोन्नकोल सुरू झालं. भाषा वेगळी, बोल वेगळे. आजोबांच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर चालायला लागली, ओठ हलायला लागले. आणि समेवर, बरोब्बर समेवर, त्यांनी मान दिली.

"हा आपल्यातलाच आहे," म्हणाले.
"आणि गिटारवाला?"
"तोही. सम कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे. मग कुठेही फिरू दे."

आमचा आयटम का पडला, ते तेव्हा कळलं. तबला आणि गिटार एका स्टेजवर आणले म्हणून नाही. त्यात प्रत्येकाने आपलं म्हणून काही आणलंच नव्हतं, म्हणून. मिसळायला आधी आपल्याकडे काहीतरी लागतं ना.

माळ्यावरचा तबला खाली काढलाय. हॉस्टेलवर आणता येत नाही, रेक्टर मॅडम दोघांनाही बाहेर काढतील. म्हणून लॅबला जाता-येता तोंडाने म्हणते. लोक बघतात, बघू देत. रविवारी रात्री आजोबांना फोन लावते आणि कायदा म्हणून दाखवते. तिरकिटात अजून अडखळते. ते फोनवरूनही ओळखतात आणि नुसतं "हं" म्हणतात.

मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.