चाळीसगाव, धुळे आणि परदेशाची वाट

परदेशी विद्यापीठात शिकायला निघालेल्या आपल्या मुलामुलींनी जाण्याआधी एकदा चाळीसगावला उतरावे, असे आम्हांला वाटते. मुंबईहून जळगावकडे जाताना हे जंक्शन लागते. धुळ्याची गाडी येथूनच सुटते.

२३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब धुळ्याकडील एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून येथे परतले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या, बॅरिस्टरी होती. तरीही त्यांना महारवाड्यात पोचवायला एकही टांगेवाला तयार होईना. साहेबांना पायी कसे न्यायचे, म्हणून समाजबांधवांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच, सवय नसलेला माणूस बसवला. नदीवरच्या पुलाच्या दगडाला चाक धडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडला. हे सारे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे.

पुढे धुळ्याजवळ लळिंगचा लांडोर बंगला. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आले होते, त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या तारखेला येथे यात्रा भरते. आपल्या आयाबहिणी भाकरी बांधून, लेकरे कडेवर घेऊन येतात.

धुळ्याहून मालेगाव दूर नाही. त्या तालुक्यातले कवळाणे हे सयाजीराव गायकवाडांचे जन्मगाव, हे आपल्या पुष्कळांना ठाऊक नसते. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेस गेले ते याच महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, तेही परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन.

आज शिष्यवृत्ती मागायला कोणा महाराजांकडे जावे लागत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. वर्षाला ७५ जागा. फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडे त्यात येते. केंद्राची वेगळी. पण नामांकित विद्यापीठात प्रवेश आधी स्वतः मिळवावा लागतो, आणि बरीच मुले तिथेच अडतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षालाच पासपोर्ट काढावा. त्यावरचे नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहावे. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत आईवडिलांनीही सोबत जावे. मुलगी असेल तर नक्कीच जावे, म्हणजे घरचे तिच्या पाठीशी आहेत हे कचेरीलाही दिसते आणि भावकीलाही.