पावलाकडे पाहावे

कबड्डी हा दमाचा खेळ, असे ज्यांना वाटते त्यांनी ती बहुधा मैदानाबाहेरूनच पाहिलेली असते. दम लागतो तो चढाई करणाऱ्याला. समोरच्या सात जणांना लागतो तो विश्वास. आलेल्या गड्याला धरायला जावे आणि त्याने फरफटत का होईना, मध्यरेषेला बोट लावावे, की ज्याने ज्याने त्याला हात लावला तो प्रत्येक जण बाद! म्हणून कोपऱ्यातला गडी शेजाऱ्याचा हात धरतो. यालाच साखळी म्हणतात.

आमचे नेर यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवला, हे आमच्याकडची थोरली माणसे अशा थाटात सांगत, की जणू धोतर खोचून तीही तिथे उतरली होती! त्याच वाऱ्यावर आम्ही खेळलो. दादा उजव्या कोपऱ्यात, मी त्याच्या शेजारी. त्याचे सांगणे एकच असे : "मानसाच्या मांगं पयू नोको, आपली जागा धर. जाग्यात आला का तो तुहा."

मागच्या दिवाळीत अमेरिकेतला भाचा आला होता. तिकडच्या फुटबॉलचा एक डाव त्याने फराळाच्या ताटात शंकरपाळे मांडून मला समजावला. पुढच्या फळीतले पाच जण अमुकच गड्याला अडवायचे, असे ठरवून निघत नाहीत. सारे एकाच दिशेला पाऊल टाकतात आणि आपल्या वाटेत येईल त्याला अडवतात. मात्र टोकाचा एक विरोधी गडी मुद्दाम मोकळा सोडतात! क्वार्टरबॅक चेंडू पळणाऱ्या सोबत्याच्या पोटाशी नेतो. नजर मात्र त्या मोकळ्या गड्यावर. तो सोबत्यावर धावून आत आला, तर चेंडू स्वतःकडेच ठेवून त्याने सोडलेल्या जागेतून पळायचे. तो जागीच राहिला, तर चेंडू सोबत्याला द्यायचा.

"अरे, हा तर आमचा कोपरा!" मी म्हणालो. चढाई करणाराही कोपऱ्याचे पाऊलच वाचतो. ते पुढे पडले, की त्यालाच हात लावून परतायचे. मागे सरले, की बोनस रेषेकडे झेप घ्यायची. डोळे हुलकावणी देतात, पाऊल सहसा देत नाही.

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा हे दोन्ही धडे घरात उपयोगी पडले. दादा नोकरीनिमित्त नागपूरला, ताई सासरी, मी नेरात. कुणाची पाळी किती दिवसांची, हा हिशेब कुणी मांडला नाही. रात्रीचे जागरण ताईच्या वाटेत आले, ते तिचे झाले; औषधपाणी माझे; दवाखान्याचा खर्च दादाचा. कुणी थकले, की शेजारचा न बोलावता पुढे सरकत असे.

आणि आई? ती रोज म्हणायची, "माहं काई नाई, तू जाय आपल्या कामाले." मी निघालो, की पांघरुणातले तिचे पाऊल हळूच दाराकडे वळायचे. मी चप्पल काढून ठेवीत असे.