चंद्रसूर्य असेपर्यंत

भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीच्या बाजूस निघालेल्या माणसाला वैनगंगा ओलांडावी लागते. पैलतीरावरचे गाव म्हणजे कारधा. पावसाळ्यात नदी फुगली, की साऱ्या जिल्ह्याचे लक्ष कारध्याच्या पाणीपातळीकडे लागते. एरवी मात्र हे गाव आसपासच्या धानाच्या गावांसारखेच साधे आहे. या काठावर उभे राहून नदीचा पुढचा प्रवास मनाने करण्याचा मला छंद आहे. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी कारध्यावरून पवनीला जाते आणि वडसा, आरमोरी मागे टाकीत गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाकडे वळते. तेथे पोहोचले, की माझे मन पुढे सरत नाही. एक दिवस आठवतो आणि ते तेथेच थबकते.

तो दिवस होता 1 मे 2019. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेला त्या दिवशी 59 वर्षे पूर्ण झाली होती. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा भागात रस्त्याच्या कामावरची वाहने नक्षलवाद्यांनी जाळली होती. ती खबर मिळताच पोलिसांचे शीघ्र कृती दल तिकडे निघाले. वाटेत जांभूरखेडा गावाजवळ रस्त्यात पेरलेला भूसुरुंग फुटला. 15 जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक असे 16 जण एका क्षणात प्राणांस मुकले. त्या जवानांपैकी तिघे आमच्या भंडारा जिल्ह्यातले होते. इतर कोणी गडचिरोलीचा, कोणी नागपूर, यवतमाळ, बुलढाण्याचा, तर कोणी दूरच्या बीड आणि हिंगोलीचा. महाराष्ट्राच्या वाढदिवशी महाराष्ट्राच्या चारी अंगांची मुले एकाच वाटेवर, एकाच वेळी धारातीर्थी पडली.

'धारातीर्थ' हा आपल्या भाषेतला शब्द फार जुना आहे. धारा म्हणजे शस्त्राची धार. लढताना जेथे मरण येते, ती जागा आपल्या पूर्वजांनी नदीच्या घाटाइतकी पवित्र मानली. शब्द मोठा सुंदर खरा. पण अशा सुंदर शब्दांचे मला थोडे भयही वाटते. 'बलिदान', 'हुतात्मा', 'वीरमरण' हे शब्द आपण भाषणात इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्यांच्यामागचा माणूस दिसेनासा होतो. जणू तो जवान मरण्यासाठीच घरून निघाला होता! खरे पाहता तो कामावर निघाला होता आणि काम आटोपून परत येणार होता.

त्याने दिले तरी काय, याचा एकदा शांतपणे विचार करावा. आमच्या भागातील कितीतरी मुले पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावताना दिसतात. पोलिसांत किंवा सैन्यात भरती व्हावे, घराला आधार द्यावा, ही त्यांची धडपड असते. त्यांतलाच एखादा पुढे गणवेश अंगावर चढवतो. त्याला आषाढात बांधीतल्या चिखलात रोवणीला हात लावायचा असतो. दिवाळीनंतर गावात मंडई भरली, की मित्रांबरोबर रात्रभर नाटक पाहायचे असते. घराचे छप्पर नीट करायचे असते, धाकट्या बहिणीचे लग्न करायचे असते, म्हातारपणी अंगणात खाट टाकून बसायचे असते. पुढे येणारे असे हजारो साधे दिवस तो एका दिवशी देऊन टाकतो. त्याग हा शब्द ज्यासाठी वापरायचा, ते हे आहे. ते दिवस त्याच्या वाट्याला येत नाहीत, म्हणून आपल्या वाट्याला निर्धास्तपणे येतात.

हे ऋण जुन्या काळच्या लोकांनी आपल्या रीतीने जाणले होते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी देवळापाशी किंवा गावाच्या वेशीजवळ कोरीव दगड उभे असलेले दिसतात. त्यांना वीरगळ म्हणतात. गावाची गुरे पळवून नेणाऱ्यांशी किंवा चाल करून आलेल्या शत्रूशी लढताना जो पडला, त्याचे ते स्मारक. खालच्या चौकटीत लढाईचे चित्र असते. त्याच्या वर त्या वीराला अप्सरा स्वर्गात नेताना दिसतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत असतो आणि सर्वांत वर चंद्र व सूर्य कोरलेले असतात. आकाशात चंद्रसूर्य आहेत तोपर्यंत याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. बहुतेक वीरगळांवर नाव मात्र नसते. ज्यांनी तो दगड उभा केला, त्यांना ते नाव सांगावे लागत नव्हते. पुढे पिढ्या गेल्या, नाव सांगणारे गेले आणि दगड मुका झाला. आज त्यावर शेंदूर लागतो, फुले पडतात. पण हा वीर कोण, असे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या काळाने यातून धडा घेतला असावा. दिल्लीला राष्ट्रीय युद्धस्मारक आहे; ते 25 फेब्रुवारी 2019 रोजी देशाला अर्पण झाले. तेथील त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर प्राण दिलेल्या 25 हजारांहून अधिक सैनिकांची नावे, प्रत्येकाचे वेगळ्या शिळेवर, कोरलेली आहेत. दिल्लीतच राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे 21 ऑक्टोबर 1959 रोजी चिनी सैनिकांच्या हल्ल्यात 10 भारतीय पोलीस मृत्युमुखी पडले. तो दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो आणि 2018 साली त्याच तारखेला या स्मारकाचे लोकार्पण झाले. तेथेही शौर्याच्या भिंतीवर हजारो नावे आहेत. मरण आकड्यात मोजले, की ते वर्तमानपत्रातील बातमी होते. नावाने उच्चारले, की कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप डोळ्यांपुढे उभा राहतो.

जांभूरखेड्याला गेलेल्यांची नावे मी या पानावर लिहीत नाही, याचे तुम्हांला कदाचित नवल वाटेल. येथे ती छापली, तर तुम्ही ती परीक्षेसाठी पाठ कराल आणि परीक्षेनंतर विसराल. शोधून मिळवलेले नाव सहसा विसरले जात नाही. तुमच्या तालुक्यातून देशासाठी कोण गेले, ते घरातील वडील मंडळींना विचारा, गुरुजींना विचारा, गावातील निवृत्त सैनिकांना विचारा. तो कोणत्या शाळेत शिकला, कोणता खेळ खेळत असे, हेही विचारा. आणि त्या सोळाव्या माणसालाही विसरू नका. वाहन चालवणाऱ्याच्या अंगावर गणवेश नव्हता, हातात बंदूक नव्हती. पण वाट तीच होती आणि मरणही तेच होते.

दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. 1949 सालापासून तो पाळला जात आहे. छोटासा कागदी ध्वज छातीवर लागतो आणि डब्यात नाणे पडते. तो पैसा युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी, अपंग झालेल्या जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी खर्च होतो. नाणे लहान असेल, पण त्यामागील विचार मोठा आहे. गेलेल्याला आपण काहीच देऊ शकत नाही. त्याच्या मागे राहिलेल्यांना मात्र देऊ शकतो. वीराच्या घरी पहिल्या दिवशी सारा गाव लोटतो. पुष्पचक्रे येतात, बंदुकांची सलामी झडते. तिसऱ्या वर्षी त्या घरी कोण जाते? धान कापणीला आले असता त्या माउलीच्या बांधीत विळा घेऊन कोण उतरते? त्या घरच्या मुलाला गणित अडले, तर त्याच्याशेजारी कोण बसते? सन्मानाची खरी कसोटी तेथे लागते.

वीरांचा गौरव करणे म्हणजे लढाईची हौस बाळगणे नव्हे. ज्या रस्त्याखाली सुरुंग पेरला जात नाही, ज्या रानात माणूस माणसाला भीत नाही, असा रस्ता आणि असे रान निर्माण व्हावे, म्हणूनच तर ही मुले तेथे गेली होती. ते काम अपुरे राहिले आहे. ते बंदुकीने थोडे होईल. शाळेने, दवाखान्याने आणि न्यायाने अधिक होईल. तुमच्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी डॉक्टर, कोणी न्यायाधीश, कोणी शेतकरी, तर कोणी गणवेशही चढवील. ज्याने त्याने आपले काम चोख केले, तर पुढच्या पिढीला नवे वीरगळ उभे करावे लागणार नाहीत. दगडावर चंद्रसूर्य कोरणाऱ्या त्या अनामिक पाथरवटाने एक आशा बाळगली होती. ती खरी करणे दगडाच्या हाती नाही. ते तुमच्या-आमच्या हाती आहे.