पैजेचा भाव

पैज आम्हां महाळुंगे पडवळकरांस नवी नाहीं. जुन्नर-आंबेगांवच्या घाटांत बैलगाडा सुटावयाचा असला म्हणजे दोघे शेजारी सहज पैज लावितात. ह्यानें दहा ठेवावे, त्यानें दहा, वीस जिंकणाराचे. एकाचें गेलें तें दुसऱ्यास मिळालें. पैज चांगली असें आमचें म्हणणें नाहीं. पण तिचा हिशेब तरी सरळ असतो. दोघांच्या मध्यें पैजा घेणारा धंदेवाईक आला कीं तो फिरतो.

गतवर्षीं एका विद्यार्थ्यानें तास संपल्यावर आम्हांस विचारलें, "सर, दोन्ही संघ सारखेच असतांना दहा रुपयांवर नऊच कां देतात?" त्याच्या थोरल्या भावानें दुधाचे आलेले पैसे मोबाईलवर क्रिकेटच्या पैजेंत घालविले होते, हें मागाहून कळलें. प्रश्न मात्र अचूक होता. आम्हीं त्यालाच फळ्यावर हिशेब मांडावयास लाविलें.

शंभर जणांनीं एका संघावर दहा-दहा रुपये लाविले, शंभरांनीं दुसऱ्यावर. जमले दोन हजार. जिंकणाऱ्या प्रत्येकास त्याचे दहा व वर नऊ, असे एकूण एकोणीसशें द्यावयाचे. कोणताहि संघ जिंको, शंभर रुपये मधल्याच्या पेटींत राहतात! म्हणजे भाव हें भविष्य नव्हे. ती त्याच्या दुकानांतील किंमत आहे. एका बाजूस पैसा फार जमला कीं तो तिकडचा भाव उतरवितो व दुसरीकडचा चढवितो. लावणारानें मात्र एकोणीस वेळांपैकीं दहा वेळां जिंकावें, तेव्हां कोठें त्याचें मुद्दल शाबूत राहतें.

ह्याच गांवचे हुतात्मा बाबू गेनू मुंबईच्या गिरणींत कामास होते; 12 डिसेंबर 1930 रोजीं त्यांस मरण आलें. आमच्या भागांतून असे पुष्कळजण गिरण्यांत गेले, आणि 1962 नंतर त्याच गिरणगांवांत मटका फोफावला. शून्यापासून नऊपर्यंत आंकडे दहा. रुपया लावावा, आंकडा लागल्यास नऊ मिळावे. दहा जणांनीं दहा आंकडे धरले तर जमले दहा आणि वाटले नऊ. मिळेल तें पुनः लावीत गेल्यास सात फेऱ्यांअंतीं सरासरीनें रुपयाचे अठ्ठेचाळीस पैसे उरतात. कित्येक म्हणतात, "पांच वेळां चुकला, आतां येणारच." पण आंकड्यास मागची आठवण नसते, सहाव्या वेळींहि संधि दहांत एकच.

2025 सालीं संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, हें योग्यच झालें. परंतु कायद्याची नजर चुकविणारेहि असतात; हिशेब समजलेल्या मुलास फसविणें मात्र कठीण. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, "जुगार वाईट" एवढेंच सांगून थांबूं नये. मुलास जवळ बसवून, कागद-पेन्सिल देऊन, वरील बेरीज त्याच्याच हातून करवून घ्यावी.